होकाराचं पाणी

माझ्या सासूबाईंना आजारी म्हणायला कुणीच तयार नव्हतं, आणि त्यात सगळ्यांत पुढे त्या स्वतः होत्या. नेरूळला तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या की येणारी-जाणारी एखादी बाई थांबून म्हणायची, "गाल बघा की यांचं, डाळिंब फुटल्यागत. मुंबईचं पाणी मानवलं तुमाला." त्या खूश व्हायच्या आणि लगेच मीठ-मोहऱ्या शोधायला उठायच्या, कारण इतकं कौतुक झाल्यावर दृष्ट काढायलाच हवी. ते काम माझ्याकडे असे. शाळेत दिवसभर तिसरीच्या पोरांवर ओरडून घरी यायचं आणि सासूबाईंवरून मीठ-मोहऱ्या उतरवायच्या. ओवाळता ओवाळता मी मनात म्हणायची, ही दृष्ट नाही हो, हाच तर आजार आहे.

मी त्यांना आत्या म्हणत असे. आमच्या साताऱ्याकडे सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. आयुष्यभर पोती वाहिलेला हा माणूस आत्यांचा आवाज चढला की चप्पल शोधायला लागायचा. माझे हे कारखान्यात शिफ्टला जायचे. धाकटी नणंद टायपिंगच्या क्लासला जायची आणि घरात सगळ्यांत शहाणी ती होती. मी तापट होते. हे आपण होऊन सांगायची हौस नाही, पण पुढे ते लागणार आहे.

आत्यांचं डोकं दुखायचं आणि आंघोळ केली की अंगाला अशी खाज सुटायची की त्या साबणाला, टॉवेलला आणि नळाच्या पाण्याला शिव्या घालायच्या. तीन साबण बदलले. शेवटी आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चिठ्ठी देऊन मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ह्यांना रजा नव्हती, म्हणून मी गेले.

त्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पॉलिसायथेमिया. ते जिभेवर बसायला मला तीन दिवस लागले. अर्थ मात्र त्यांनी सोप्या शब्दांत सांगितला. हाडांच्या आत मगज असतो, त्यात रक्त तयार होतं, आणि आत्यांचा मगज थांबायचं विसरला होता. गालांवरचं ते डाळिंब आणि आंघोळीनंतरची खाज, दोन्ही त्याचंच. रक्त वाढत वाढत इतकं दाट झालं होतं की ते नसांमध्ये कुठेही गोठू शकलं असतं. आजार जुनाट होता, जन्माचा सोबती होता, पण नीट वागलं तर पुष्कळ वर्षं बरी जातील असं ते म्हणाले. मग त्यांनी माझा हात धरून आत्यांच्या डाव्या बरगडीखाली ठेवला. आत पोळपाटाची कड लागावी तसं काहीतरी लागलं. "ही पाणथरी, म्हणजे प्लीहा," ते म्हणाले. "जादा रक्तानं सुजलीय. हिच्यावर दाब नको, मार नको, पोट चोळणं तर मुळीच नको. ही फुटली तर धावाधाव करायलाही वेळ मिळत नाही."

मी ते ऐकलं आणि घाबरले. आत्यांनी ऐकलं आणि खाली उतरताना विचारलं, "त्यो डाक्टर लगीन झाल्याला आसंल का गं?" नणंदेसाठी स्थळं बघायला आमच्या घरात नुकती सुरुवात झाली होती.

रोजच्या एका गोळीखेरीज उपाय दोन होते. एक, दर काही आठवड्यांनी एक बाटली रक्त काढून टाकायचं. दोन, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. हे दोन्ही आत्यांना अपमानासारखे वाटले. वाशीच्या ब्लड बँकेत पहिल्यांदा रक्त काढलं आणि ते कुणाला देत नाहीत, फेकून देतात, असं कळल्यावर त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "चांगलं लालभडक रगत मोरीत वतायचं? कुनाला तरी घाला की. आमी काय रोगी हाय व्हय?" शेजारच्या खुर्चीत एक कॉलेजचा मुलगा रक्तदान करत होता. त्याला चहा मिळाला, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा मिळाला, सर्टिफिकेट मिळालं. आत्यांना फक्त कापसाचा बोळा मिळाला. घरी येईपर्यंत आत्या त्या बिस्किटांवरच बोलत होत्या. पुढच्या वेळी त्यांनी खुर्चीत तशाच बसून राहून विचारलं, "बिस्कुट कवा द्याचं?" सिस्टर म्हणाली, "आजी, ते डोनरला." आत्या म्हणाल्या, "मंग मी काय उसनं दिलं?"

पाण्याचं खातं माझ्याकडे होतं. सकाळी मी त्यांच्यापुढे पितळी तांब्या भरून ठेवायची. तो रिकामा झाला की दाराच्या चौकटीवर खडूने एक रेघ मारायची, असे चार तांबे दिवसाला. एक खडू चौकटीपाशी ठेवलेला, आणि एक तुकडा माझ्या पर्समध्ये कायम असे. शाळा सुटली तरी मास्तरीण सुटत नाही, असं मामा म्हणायचे. मी शाळेतून आले की चौकटीवर चार रेघा दिसायच्या, आत्यांनी स्वतः मारलेल्या, वाकड्यातिकड्या, आणि मला फार बरं वाटायचं. दारातली तुळस त्या उन्हाळ्यात अशी काही फोफावली होती की लोक मंजिऱ्या मागायला यायचे. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि एक गोष्ट आत्यांनी आम्हा सगळ्यांना देवापुढे उभं करून सांगितली होती. आजाराचं नाव घराबाहेर काढायचं नाही. "रक्ताचा आजार हाय म्हनलं की लोक पोरीचं रक्त बघत्यात. पोरीचं हात पिवळं होऊं देत, मग दवंडी पिटा." मला ते पटलं नव्हतं, पण आई होती ती, तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

चैत्रात स्थळ आलं. ते कुठून आलं हे सांगायलाच हवं. पोती उचलणाऱ्या माणसाला पोटात कळ आली की मार्केटात सगळे एकच निदान करतात, बेंबी सरकली. मग सकाळी उपाशीपोटी तुर्भ्याला एका बाईंकडे जायचं. त्या कोमट तेलाने पोट चोळून बेंबी जागेवर बसवायच्या. वीस वर्षं त्या हे करत होत्या, एक पैसा घ्यायच्या नाहीत, आणि त्यांच्या दारात सकाळी माथाड्यांची रांग असायची. मामांची बेंबी त्यांनी दोनदा बसवली होती. दुसऱ्या खेपेला मामा खाटेवर उताणे पडलेले असतानाच बाई म्हणाल्या, "माझा थोरला लग्नाचा हाय, बरं का." मामांनी पोट चोळून घेता घेता मुलीची जन्मवेळ सांगितली. मुलगा एका गोदामात सुपरवायझर होता, शिकलेला, निर्व्यसनी. त्याचे वडील गावाकडे शेती बघायचे, आणि होकार-नकार सगळा त्या बाईंच्या हातात होता.

रविवारी सकाळी बघायला येतो असा शुक्रवारी निरोप आला. आत्यांनी पहिलं काम काय केलं, तर त्या आठवड्यात रक्त काढायचं होतं ते पुढे ढकललं. कोपरात सुईचा काळानिळा डाग दिसेल म्हणून. दुसरं काम म्हणजे हॉस्पिटलची फाईल ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरली. तिसरं काम त्यांनी मला कळू दिलं नाही.

हे नेमके त्या रविवारी डबल शिफ्टला होते. पाहुणे अकराच्या सुमाराला आले, मुलाच्या चुलत्यांच्या टेम्पोतून. रोज त्यातून कांदा जायचा, त्या दिवशी मागे सतरंजी अंथरली होती. मुलगा, त्याची आई आणि चुलते, एवढीच माणसं. मुलाची आई उंच, हाडापेराने मजबूत, दोन्ही हातांत मनगट झाकेल इतक्या हिरव्या बांगड्या. मी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी नणंदेला एकच प्रश्न विचारला, "भाकरी थापतीस का लाटतीस?" नणंद म्हणाली, "थापते, पण गोल येत न्हाई." त्या हसल्या. मुलगाही हसला. पोह्यांच्या बश्या फिरल्या, चुलत्यांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले, आणि मी चहाचा ट्रे घेऊन येताना मनात म्हटलं, जमलं हे.

तेवढ्यात आतल्या खोलीत खवणी पडल्याचा आवाज आला.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. डाळिंबाचा रंग कुठच्या कुठे गेला होता. डावा हात बरगडीखाली दाबलेला. ओठ असे कोरडे की जीभ फिरवली तरी ओले होईनात. "काय न्हाई, गॅस धरला," त्या म्हणाल्या आणि मग बारीक आवाजात मला विचारलं, "पोटात कळ हाय, मग खांदा कशापायी दुखतोय गं?"

सगळे आत आले. मावशींनी एक नजर टाकली आणि पदर खोचला. "पाटेपास्नं राबल्या आस्तील. बेंबी सरली, दुसरं काय? त्याल कोमट करून आना जरा." त्या क्षणी घरातल्या सगळ्यांचे चेहरे उजळले, हे मला अजून आठवतं. मामा तर म्हणालेही, "बघा, देवानंच धाडलं. वैद्य घरात हाय." नणंद वाटी घेऊन धावली. मावशी आत्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्या, तेल दोन्ही तळव्यांना चोळलं, त्यांना आडवं केलं आणि हात पोटाकडे नेला.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. चोळू देऊ नकोस असं नाही, सांगू नकोस असं. इतक्या वर्षांत त्यांची मान मला वाचता येत होती. पोरीचं जमत आलेलं लग्न एकीकडे आणि ती पोळपाटाची कड एकीकडे. मला विचार करायला वेळ होता असं मी म्हणणार नाही. मी ट्रे खाली टाकला आणि मावशींचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की दोन बांगड्या माझ्या मुठीत तुटल्या. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, कारण सवाष्णीची बांगडी फुटणं ही फार वाईट गोष्ट. मी बघायला आलेल्या मुलाच्या आईच्या दोन बांगड्या वाढवल्या होत्या.

"हात लावू नका," मी म्हणाले.

"काय म्हनालीस?"

"यांना रक्ताचा आजार आहे. पाणथरी सुजलीय. दाबलं तर फुटेल आणि त्या जातील." हे सगळं मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. बाहेर जिन्यावरही ऐकू गेलं असणार.

आत्या डोळे मिटून म्हणाल्या, "फिरवलंस पानी सगळ्यावर."

पहिले हलले ते चुलते. तोंडातले पोहे तसेच ठेवून ते म्हणाले, "टेम्पो लावतो." मुलाने आणि मामांनी आत्यांना चादरीत उचललं. मावशीही टेम्पोत चढल्या, का ते मला कळलं नाही. त्या कडेला बसून बाहेर बघत होत्या. तेलाने माखलेले दोन्ही हात त्यांनी लुगड्यापासून लांब धरले होते, पुसायला काही मिळालं नव्हतं म्हणून. कांद्याचा वास, दुपारचं ऊन, आणि प्रत्येक खड्ड्याला चुलते आतून ओरडत होते, "धरा, धरा." नेरूळ ते वाशी हा रस्ता मी इतक्या हळू कधी कापला नाही.

तुर्भ्याच्या पुढे नणंद माझ्या कानाशी आली. "वहिनी, आईनं पाणी सोडलंय. काल सकाळपास्नं थेंब न्हाई. होकार ईस्तवर पिनार न्हाई, असा नवस बोललीया. मला गळ्याची शपथ घातलीती."

"आणि चौकटीवरच्या रेघा?"

"त्या ती कवापास्नंच मारती. तांब्या तुळशीला घालती. तिला म्हनं पानी पिऊन पोट डब्ब होतं."

मला त्या टेम्पोत रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. तुळशीचा सुद्धा आला.

हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत एक तरुण सर्जन होते. त्यांनी पोट बघितलं, अगदी हलक्या हातानं, आणि म्हणाले, "पोट टाइट लागतंय. आत काय झालंय ते बघायला ओपन करावं लागेल बहुतेक. जुने पेपर्स?"

जुने पेपर्स ज्वारीत होते. मी म्हणाले, "पेपर्स नाहीत, मी आहे." आणि पाढे म्हणावेत तसं सगळं म्हणून दाखवलं. आजाराचं नाव, गेल्या दोन वेळचं हिमोग्लोबिन, पाणथरी किती बोटं वाढली, कोणती गोळी, रक्त काढायचं कधी राहिलं, पाणी कधी सोडलं. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांचा फोन नंबर. सर्जननी लिहिता लिहिता मान वर केली, मग उठून फोन करायला गेले. ते परत आले तेव्हा चालणं बदललेलं होतं.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "अशा पेशंटचं पोट न कळता उघडलं असतं तर रक्त थांबताना थांबलं नसतं, आणि जिथे गोठायला नको तिथे गोठलं असतं. मी आधी सोनोग्राफी करतो." सोनोग्राफीत दिसलं, की पाणथरीच्या एका तुकड्याचं रक्त बंद पडलं होतं. पाणी नाही, रक्त काढलेलं नाही, त्यात हा उन्हाळा. दाट रक्त तिथे अडकलं होतं. ऑपरेशन आत्ता नाही, सलाईन लावायचं, दुखणं थांबवायचं, रक्त काढायचं आणि लक्ष ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही असंही सांगितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "पोट कुणी चोळलं नाही ना? आमच्याकडे सगळे आधी चोळून मगच आणतात."

मी दाराकडे बघितलं. मावशी तिथे उभ्या होत्या. "नाही," मी म्हणाले. "कुणी नाही."

"नशीब समजा. आज फुटलीच असती."

मावशींनी आपले हात वर करून बघितले. मग त्या कॉरिडॉरच्या टोकाला नळाशी गेल्या आणि साबणाची वडी घेऊन कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. त्यानंतर त्या, मुलगा आणि चुलते टेम्पोत बसून निघून गेले. मामा म्हणाले, "गेलं स्थळ." नणंद म्हणाली, "जाऊं दे. आई ऱ्हाऊं दे." मी तिच्याकडे बघितलं आणि वाटलं, ही मुलगी कुणाच्याही घरात गेली तरी त्या घराचं सोनं होईल, आणि मी ते घर तिच्या हातून घालवलं.

सकाळी आत्यांचं दुखणं उतरलं. सर्जननी पोटावर हात ठेवला आणि हसले. धोका बराच टळला होता. "आता तोंडाने पाणी सुरू करा, थोडं थोडं. हेच औषध."

मी ग्लास पुढे केला. आत्यांनी तोंड मिटून घेतलं.

"आजी, पाणी," सर्जन म्हणाले.

"होकार आल्याबिगर न्हाई."

"पण सलाईन तर चाललंय ना? तेही पाणीच आहे."

"ते दंडातनं जातंय. त्वांडातनं न्हाई. देवाला फरक कळतो."

सर्जनना हसावं की ओरडावं ते कळेना. मामांनी मग आयुष्यातलं एकमेव खोटं बोलून बघितलं. "होकार आला, अगं. रातीच आला."

"कुनी सांगितला? आना त्याला म्होरं." मामा चप्पल शोधायला लागले.

मी मात्र पेटले. "आत्या, नवस देवाला बोललात की माझ्या जिवाला? काल तुम्ही जात होता. मी सगळ्यांसमोर तुमचं नाक कापलं, विहीण होऊ घातलेल्या बाईच्या बांगड्या वाढवल्या, ते कशासाठी? तुळशीला पाणी घालायला?" मग माझा आवाज चिरकला. "मला तुमची गरज आहे हो. मला सकाळी रेघ मारायला कोण आहे?" हे बोलायचं नव्हतं, पण बोलले. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंड मात्र मिटलेलंच. मी पर्स उचलली. तुर्भ्याला जाऊन त्या बाईंचे पाय धरायचे, दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं.

जिन्यातच मावशी भेटल्या. चुलत्यांचा टेम्पो खाली उभा होता. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. मी वाकायला गेले तर त्या म्हणाल्या, "थांब. आधी डाक्टर दाव."

सर्जनसमोर उभं राहून त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "ह्यो आजार पोरीला लागतो का?"

"सहसा नाही लागत. आईकडून मुलीला जाणाऱ्यातला हा नाही."

"आनि काल मी चोळलं आसतं तर?"

सर्जननी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना आत्ता समजलं. "तर आज आपण इथे बोलत नसतो," ते म्हणाले.

मावशींनी मान हलवली. मग त्या आत्यांच्या पलंगाशी गेल्या आणि पुडकं उघडलं. त्यात हिरव्या बांगड्या होत्या. "ह्या तुमच्या सुनेनं माझ्या दोन वाढवल्या. मी रात्रभर त्येच धरून बसले. मग म्हनलं, वीस वर्सं मी लोकांच्या पोटाला हात लावते, कुनी माझा हात धरला न्हाई. हिनं धरला. सासूसाठी धरला. वैनीचं बघून पोरगी निम्मं जरी शिकली आसंल तरी माझं म्हातारपन निभलं." नणंदेला पुढे ओढून त्यांनी तिथेच, सलाईनच्या स्टँडशेजारी, तिच्या हातात बांगड्या भरल्या. नणंद लाजली, रडली, आणि बांगडी अडली तेव्हा "आई गं" म्हणाली. वॉर्डातल्या बायका आपापल्या पलंगांवर उठून बसल्या होत्या.

मग मावशींनी ग्लास उचलला. "होकार घ्या आनि पानी प्या, विहीनबाई."

"देवाची शपथ?" आत्या म्हणाल्या.

"तुमच्या पानथरीची."

आत्या प्यायल्या. आधी घोटभर, मग डोळे मिटून सगळा ग्लास, आणि मग "आनिक" म्हणाल्या. पर्समध्ये खडूचा तुकडा होताच. मी पलंगाच्या लोखंडी पट्टीवर एक रेघ मारली. सिस्टर ओरडली, तरी पुसली नाही.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच लागलं. आमची तुळस तोवर पुन्हा इतर तुळशींसारखी झाली होती. विहीणबाई अजूनही पोटं चोळायच्या, पण आधी डाव्या बरगडीखाली हलकेच दोन बोटं ठेवून बघायच्या, आणि काही लागलं तर तेलाची वाटी बाजूला सारून माणसाला दवाखान्यात पिटाळायच्या. आमच्या घरात तर कुणाचं पोट दुखलं की त्या तेल कोमट करून माझ्याकडे बघायच्या, "काय गं, चोळू का?" मग सगळे हसायचे, सगळ्यांत मोठ्यानं त्या स्वतः.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं राहिल्या. नातवंडं बघितली, त्यांनाही खडूने रेघा मारायला लावल्या. त्या रविवारबद्दल त्या माझ्याशी कधी चांगलं बोलल्या नाहीत आणि वाईटही नाही. ब्लड बँकेत मात्र एक बदल झाला. पूर्वी सुई टोचताना त्या भिंतीकडे बघायच्या. आता त्या माझं मनगट धरायच्या, घट्ट, आणि बाटली भरेपर्यंत सोडायच्या नाहीत. एकदा त्यांनी माझ्या दोन बांगड्या वाढवल्या. मग त्यांनी फक्त पकड जरा सैल केली.